निळी प्लेट

चिंचपोकळीच्या छापखान्यात माझं काम एवढंच:
नकाशातल्या नद्या काढायच्या.
सीमा दुसरं कोणी काढायचं, डोंगर तिसरं.
माझ्या वाट्याला पारदर्शक फिल्म,
केसाएवढ्या टोकाचं पेन
आणि श्वास रोखून धरायची सवय.

युरोपला तीन दिवस लागत.
ब्राझीलने तर माझ्या चष्म्याचा नंबर वाढवला.
अरबस्तानचं पान आलं की मात्र
जेवणाच्या सुट्टीआधीच हात मोकळा.
"झालं?" टिपणीस मास्तर विचारत.
"झालं. काही नाहीच आहे."
कुवेत, कतार, बहारीन,
समुद्राची कड ओढली की संपलं.
मालदीव म्हणजे नुसती शिंतोड्यांची ओळ,
लिबिया एवढा अवाढव्य,
त्याच्या पोटात एक निळा धागा नाही.
फिल्म उजेडासमोर धरली की
त्या देशांतून पलीकडची खिडकी आरपार दिसे,
खिडकीतलं गिरणीचं धुराडंसुद्धा.

आणि वाळूतले ओढे,
वर्षादोनवर्षांत एखादा दिवस वाहणारे.
त्यांना अखंड रेघ द्यायची नसते.
रेघ, तीन टिंबं, रेघ, तीन टिंबं.
मास्तर म्हणत, "कधी असतं कधी नसतं,
म्हणून गाळता येत नाही, बाई."

मुबीन तेव्हा कुवेतला होता,
समुद्र उकळून गोड करायच्या कारखान्यात फिटर.
दोन वर्षांतून पंचेचाळीस दिवस घरी.

पत्राचा त्याला कंटाळा, म्हणून कॅसेटी,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून.
"इथे पाण्याला आवाजच नाही," एकीत म्हणाला,
"नळ सोडला की येतं, बंद केला की जातं.
पाइपाला कान लावला तर मोटर ऐकू येते.
गावची वाशिष्ठी राहू दे लांब,
तू आपली मिठीच भरून पाठव."

मिठी!
कुर्ल्यात आमच्या मागच्या दाराशी ती,
अंगावर साबणाचा फेस, भंगारवाल्यांचं तेल.
वास कॅसेटीत भरता येत नाही, तेवढं तिचं नशीब.
ओहोटी बघून पहाटे पाचला उतरले
(भरतीला ती उलटी चालते, मुकाट),
टेपरेकॉर्डर पोटाशी धरून
एका मोडक्या सिमेंटच्या नळावर बसले,
एक बाजू भरेपर्यंत.
बगळा. विमान. पलीकडे कुणीतरी खाकरलं.
मध्येच मला शिंक आली. पुसली नाही.

उत्तराची कॅसेट तीन महिन्यांनी.
खोलीत सहा जण, म्हणाला,
शुक्रवारी जेवणं झाल्यावर लावली.
सिल्हेटचा मोतालिब उठूनच बसला, ही आमची सुरमा.
त्रिशूरचा वर्गीस म्हणे, छे, चालकुडी,
पाऊस सुरू व्हायच्या आधीची.
मिसरी फोरमन दारातून ओरडायला आला होता,
तो न बोलता माझ्या पलंगाच्या कडेला टेकला.
"मी नाव नाही सांगितलं कुणाला.
शिंकेला मात्र सगळे हसले.
ते झोपल्यावर रिवाइंड करून
तेवढीच पुन्हा ऐकली."

त्याच वर्षी मुंबईचा नवा नकाशा कामाला आला.
यादीत मिठीसमोर लिहिलेलं:
नाला. काळी प्लेट.
मी मास्तरांकडे पाहिलं.
ते चष्मा पुसत राहिले, बराच वेळ,
काच स्वच्छ झाल्यानंतरही.

विहारपासून माहीमपर्यंत
मी तिला निळ्यात ओढलं, एकही टिंब न देता.
हाताला फार तर पाच मिनिटं लागली.
एवढीशीच आहे ती.

छापून आला तेव्हा निळा रंग सुताभर सरकला होता.
हजार प्रती तशाच गेल्या.
त्यांत नदी आपल्या काठावर नाही,
थोडी पूर्वेला,
आमच्या गल्लीवरून वाहते आहे.